कातिबांच्या घरातला चित्रकार: कोल्हापूरचे आबालाल रहिमान

कोल्हापूरला लोक कौतुकाने कलापूर म्हणतात. गूळ, चप्पल, तालमी, तांबडा-पांढरा रस्सा आणि सिनेमा अशी त्या गावाची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. चित्रकलेचा विषय निघाला की पहिलं नाव येतं बाबूराव पेंटर यांचं, आणि ते रास्तच आहे. पण बाबूराव जन्मले १८९० मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, १८८८ मध्ये, कोल्हापूरचा एक मुसलमान तरुण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवून मोकळा झाला होता. त्याचं नाव आबालाल रहिमान. कोल्हापूरच्या चित्रकारांच्या वंशावळीत हेच नाव सगळ्यात वर लिहावं लागतं.

आपल्या समाजात मात्र हे नाव फार कमी ठिकाणी ऐकू येतं. गाण्यात अल्लादिया खाँसाहेब माहीत असतात. सिनेमात तर नावांना तोटाच नाही. चित्रकार म्हटलं की पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आठवतात. आबालाल आठवत नाहीत. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कुराण शरीफच्या प्रती हाताने लिहिल्या त्याच घराण्यातून महाराष्ट्राचा एक थोर निसर्गचित्रकार निघाला, ही गोष्ट खरं तर आपल्या मदरशात आणि शाळेत, दोन्हीकडे सांगायला हवी.

आम्ही हे लिहितोय मोखाड्यात बसून, म्हणून एक खुलासा करतो. आमच्या मोखाडा-जव्हार भागात चित्र म्हटलं की वारली. गेरूने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा, त्रिकोणाची माणसं आणि मधे तारपा. शेजारच्या डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ही कला जगभर पोचली. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण वारली चित्रात सावली नसते. दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली, डोंगर किती लांब, पाण्यावर उजेड कसा पडला, हे ती कला विचारत नाही. तिचं काम वेगळं आहे. हे प्रश्न विचारणारी जी दुसरी रीत, तिला यथार्थदर्शी किंवा वास्तववादी चित्रकला म्हणतात. आमच्याकडची पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसतात तेव्हा घडा, फळं आणि कापड समोर ठेवून जे काढतात, ते याच रीतीचं पहिलं पाऊल. ही रीत महाराष्ट्रात कशी रुजली, हे बघायला गेलं की रस्ता कोल्हापूरला जातो.

आबालाल यांचं खरं नाव अब्दुल अझीज. जन्म कोल्हापूरचा, १८५६ ते १८६० च्या दरम्यानचा. आबालाल हे घरगुती नाव, तेच पुढे कायम झालं. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत अशी नावं सर्रास सापडतात. बाबालाल, नबीलाल, फत्तेलाल, आबालाल. अरबी नाव कागदावर, आणि हाक मारायला अस्सल मराठी मातीतलं. नुसत्या नावावरून तो माणूस कुठल्या गल्लीतला, कुठल्या बोलीतला, हे कळतं.

घराणं कातिबांचं. कुराणाच्या सुबक, सजवलेल्या हस्तलिखित प्रती तयार करणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. आज छापील प्रत सहज मिळते, त्यामुळे कातिब म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागतं. बोरूची लेखणी तिरपी छाटायची, शाई घरी करायची, कागद घोटून गुळगुळीत करायचा, आणि एकेक हर्फ असा उतरवायचा की हजार पानांनंतरही अलिफची उंची बदलता कामा नये. चूक चालत नाही, कारण मजकूर आपला नाही. स्वतःची हुशारी दाखवायला जागाच नसते. कातिबाचं नाव आलंच तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, तेही बहुधा अल्लाहकडे माफी मागत.

या कामाची एक बारीक गोष्ट इथे सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. खत्तातीमध्ये अक्षराचं माप पट्टीने घेत नाहीत, नुक्त्याने घेतात. बोरूचं टोक कागदावर एकदा टेकवलं की चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता. अलिफ किती नुक्त्यांचा, बेची लांबी किती नुक्त्यांची, नूनचा पेला किती खोल, सगळा हिशेब ठिपक्यांत. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला यांनी हे गणित बसवलं असं मानतात. कातिबाच्या घरातलं मूल अक्षर शिकायच्या आधी ठिपका शिकतं म्हणा ना.

आबालाल वाढत होते त्या काळात या धंद्याची अखेर सुरू झाली होती. मुंबई, लखनौ, कानपूर इथल्या शिळाछाप छापखान्यांतून कुराणाच्या प्रती स्वस्तात बाहेर पडू लागल्या. एका कातिबाला जे करायला महिने लागत, ते छापखाना थोड्या दिवसांत हजारोंनी काढू लागला. अरबी-फारसीचे संस्कार, सुंदर हात आणि उपाशी पोट अशी अवस्था त्या काळी कितीतरी घरांची झाली. काहींनी कचेरीत मुन्शीगिरी धरली, काही छापखान्यातच कॉपी लिहायला बसले. आबालाल यांच्या हाताने तिसरी वाट धरली. ते चित्रं शिकायला मुंबईला गेले. कोल्हापुरातून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाऊन रीतसर शिक्षण घेतलेले ते पहिले चित्रकार मानले जातात.

जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघालं. आबालाल तिथे होते तेव्हा प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे ते हेच. शिकवण्याची पद्धत पक्की इंग्रजी. सुरुवातीला ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि पेन्सिलने, कोळशाने त्यांचा छाया-प्रकाश उतरवायचा. महिनोन्‌महिने. मग पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसण्याचं शास्त्र. मग जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास. रंगांपर्यंत पोचायला बराच वेळ लागे आणि मधेच कंटाळून घरी जाणारेही असत.

कातिबाच्या मुलाला यात जड काय वाटणार? समोर जे आहे ते जसंच्या तसं, स्वतःला मधे न आणता उतरवायचं, हे तर घरचंच वळण. फक्त आता समोर मजकुराच्या जागी पुतळ्याचं नाक होतं, हाताची मूठ होती. आबालाल यांची विद्यार्थिदशेतली रेखाटनं इतकी नेमकी होती की शाळेने ती जपून ठेवली. १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. एका मुसलमान कारागीर घरातल्या, संस्थानी गावातून आलेल्या मुलाला ते मिळणं म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता इथे आयुष्याला फाटा फुटतो. त्या काळी जे. जे. मधून नाव घेऊन बाहेर पडलेल्या चित्रकारापुढे मुंबईत भरपूर काम होतं. पारशी शेठ, गव्हर्नर, न्यायाधीश, संस्थानिक, सगळ्यांना भिंतीवर आपली तैलचित्रं हवी होती. राजा रविवर्मा यांचं नाव घरोघर पोचत होतं आणि १८९४ मध्ये त्यांनी मुंबईला छापखानाच काढला. पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, पुढे त्रिंदाद, अशा व्यक्तिचित्रकारांना मुंबईने मान दिला. खुद्द कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले, वर चढत गेले, रावबहादूर झाले. धुरंधरांच्या कर्तबगारीबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण गाव एक, शाळा एक, शिकवण एक, आणि दोन आयुष्यं किती वेगळी, हे पाहण्यासारखं आहे. धुरंधर मुंबईत राहिले. आबालाल पदक घेऊन कोल्हापूरला परतले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं.

परतण्याने त्यांचं नुकसान झालं का? पैशाचं झालं, प्रसिद्धीचंही झालं. प्रदर्शनं, वर्तमानपत्रं, गिऱ्हाईक सगळं मुंबईत. कोल्हापुरात तेव्हा चित्र विकत घेणारा एकच, दरबार. पण चित्रांचं नुकसान झालं असं आम्हाला वाटत नाही. मुंबईत राहिले असते तर शेठजींचे अंगरखे आणि मडमांच्या लेसा रंगवण्यातच हात झिजला असता. कोल्हापुरात त्यांना मिळालं पाणी आणि झाडं.

नशिबाने कोल्हापूरला त्या काळी राजाही तसा मिळाला होता. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हा राजा, मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये संस्था उभी करून स्वतः तिचा अध्यक्ष झाला. कोल्हापूरची मुस्लिम बोर्डिंग ती हीच. कुराणाचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणून महाराजांनी पैसे खर्च केले. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आणलं आणि त्यांचं गाणं अंबाबाईच्या देवळातही झालं. याच महाराजांनी आबालाल यांना दरबारी चित्रकार म्हणून आसरा दिला. वाचकांनी नीट पाहावं, एकाच गावात, एकाच वेळी, राजाच्या पदरी गाण्याला अल्लादिया आणि चित्राला आबालाल. दोघेही मुसलमान, आणि त्यावर कुणाला बोलावंसं वाटलं नाही. ते कोल्हापूर असं होतं.

दरबारी चित्रकार म्हटलं की डोळ्यांपुढे जरीचा फेटा आणि महालातली खोली येते. आबालाल तसे नव्हते. गावाबाहेर कोटितीर्थ तलावाच्या काठी त्यांनी मुक्काम केला. लग्न केलं नाही. राहणी फकिरासारखी. कोटितीर्थ म्हणजे महादेवाचं स्थान, काठाला झाडी, आणि त्या काळी गावापासून सुटं, शांत. पुढे १९०६ मध्ये शाहू महाराजांनी सूत आणि कापडाच्या गिरणीची स्थापना केली, ती शाहू मिल याच तलावाच्या शेजारी उभी राहिली. म्हणजे एका काठावर नव्या जमान्याचा भोंगा आणि दुसरीकडे झाडाखाली रंग कालवत बसलेला एक एकटा माणूस.

कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट, देवळांच्या पायऱ्या, ओढे, वडापिंपळाच्या गर्द सावल्या, पावसाळी आभाळ, मावळतीचा उजेड, हे त्यांचे विषय. त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा. सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. जागा तीच, पण उजेड बदलला की चित्र नवं. हे आम्हा डोंगरातल्या माणसांना चटकन पटतं. मोखाड्याहून सूर्यमाळच्या बाजूला पाहिलं तर सकाळचा हिरवा डोंगर संध्याकाळी निळा होतो आणि श्रावणात तर तासाभरात तीन रंग दाखवतो. डोंगर कुठला निळा असतो हो? पण दिसतो तसा. दिसतं तसं रंगवायचं, माहीत आहे तसं नाही, हीच तर या चित्रकलेची सगळ्यात अवघड अट.

आता त्या नुक्त्याकडे येतो. जे. जे. मध्ये शिकवला जायचा तो रंग गुळगुळीत घोटून लावायचा. पुढच्या काळात आबालाल यांची रीत बदलत गेली. झाडाचा पाला, पाण्यावरची थरथर, गवत, हे ते बारीक बारीक फटकाऱ्यांनी आणि ठिपक्यांनी रंगवू लागले. एकाशेजारी एक वेगळ्या रंगाचे ठिपके. जवळून पाहिलं तर नुसती दाटी, चार पावलं मागं सरकलं की त्यातून ऊन उभं राहतं. जाणकार या ठिकाणी युरोपातल्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची, ठिपक्यांनी चित्र घडवणाऱ्या जॉर्ज सराची आठवण काढतात. सराचं गाजलेलं चित्र १८८४ ते १८८६ मधलं, म्हणजे आबालाल मुंबईत प्लास्टरचे पुतळे काढत होते तेव्हाचं. आबालाल काही पॅरिसला गेले नव्हते. आम्हाला मात्र त्या ठिपक्यांचा उगम पॅरिसपेक्षा घरातच शोधावासा वाटतो. ज्या मुलाने लहानपणी बोरूचा नुक्ता पाहिला, सगळ्या अक्षराचं माप ठिपक्यात असतं हे ज्याच्या घरात रोजचं होतं, तो म्हातारपणी झाड रंगवताना ठिपक्याकडे वळला तर त्यात नवल कसलं? हा आमचा अंदाज आहे, कलेच्या अभ्यासकांनी तपासून पाहावा.

आणखी एक गोष्ट इथे बोलायला हवी. आपल्या समाजात चित्र, तस्वीर या विषयावर मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. जिवंत प्राण्यांची, माणसांची चित्रं काढावीत की नाही यावर उलेमांनी पुष्कळ लिहिलंय. तो निवाडा आम्ही करणार नाही, ती आमची पात्रताही नाही. पण इतिहास असा आहे की जहांगीर बादशहाच्या दरबारात उस्ताद मन्सूर पक्षी आणि फुलं रंगवत होते, हेरातमध्ये बिहजाद यांनी किताबं सजवली, आणि कोल्हापुरात कातिबांच्या घरातला मुलगा सुवर्णपदक घेऊन आला. झाड, पाणी, डोंगर, आभाळ यांच्या चित्रांना तर कडक मताच्या लोकांचाही सहसा विरोध नसतो. आबालाल यांनी आयुष्याचा मोठा भाग नेमका याच गोष्टी रंगवण्यात घालवला. ते त्यांनी जाणून केलं की नाही, याच्या खोलात आम्ही जात नाही. पण वहीच्या मागच्या पानावर झाड काढणाऱ्या पोराची वही ओढून घेणाऱ्या अब्बांना एवढं तरी माहीत असावं.

गरिबी त्यांची पाठ सोडत नव्हती. दरबारचा आसरा होता तरी हातात पैसा टिकत नसे. विलायती रंग महाग, ते मुंबईहून मागवावे लागत. रंग संपले की ते पाला, फुलं, माती यांतून स्वतः रंग तयार करत, असं कोल्हापूरचे चित्रकार सांगत आलेत. यात अशक्य काही नाही, कारण कातिबाच्या घरात शाई आणि रंग घरीच होत. काजळी, डिंक, हिराकस, हे सगळं त्या घरच्या पोराला ठाऊक असणार.

६ मे १९२२ ला मुंबईत शाहू महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. कोल्हापुरात अनेकांचा आधार गेला, तसा आबालाल यांचाही गेला. तोवर त्यांची साठी उलटून गेली होती. यानंतरची जी हकीकत आहे ती कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महाराज गेल्याच्या दुःखात आबालाल यांनी आपली चित्रं उचलली आणि कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. एकदोन नव्हे, हजारो. कुणी आकडा लहान सांगतो, कुणी मोठा. आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. एवढ्या लांब आयुष्यात रोज हात चालवणाऱ्या माणसाची आज हाती लागणारी चित्रं फार थोडी आहेत, हे मात्र उघड सत्य आहे.

ही हकीकत सांगणारे बहुतेक जण तिच्याकडे वेडाचा झटका म्हणून किंवा निराशा म्हणून पाहतात. आम्हाला ती वेगळी दिसते. आपल्या घरांत कुराण शरीफची पानं जीर्ण झाली, फाटली, की ती रद्दीत टाकत नाहीत, केरात जाऊ देत नाहीत. ती मातीत पुरतात किंवा खोल पाण्यात सोडतात. आपल्याकडे याला ठंडे करणं असंच म्हणतात. पायाखाली येऊ नयेत, बेअदबी होऊ नये, म्हणून. आबालाल त्या घरातले होते. पानं पाण्याच्या हवाली करणं म्हणजे फेकणं नव्हे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि पाणी कुठलं, तर जे पाणी त्यांनी आयुष्यभर रंगवलं तेच. शेजारी हिंदू घरांतही गणपती पाण्यातच जातो, कोल्हापूरच्या माणसाला विसर्जनाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. ज्याच्यासाठी चित्रं काढली तो राजा गेला, ती जपणारं कुणी उरलं नाही, ती चण्या-फुटाण्यांच्या पुड्यांत जाण्यापेक्षा पाण्यात गेलेली बरी, असं त्यांना वाटलं असेल तर त्या वाटण्याला आम्ही वेड म्हणणार नाही. मात्र नुकसान व्हायचं ते झालंच. ते आपलं झालं.

याच नुकसानाची आणखी एक बाजू आहे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थ होतं, तिथे आता भाजी मंडई आहे. वरुणतीर्थ होतं, त्याचं गांधी मैदान झालं. गावाच्या पोटातली कितीतरी तळी विसाव्या शतकात बुजवली गेली. छायाचित्रं त्या काळी मोजकी निघायची, आणि निघायची ती राजवाड्याची, मिरवणुकीची. नुसतं तळं, नुसता काठ, काठावरचं झाड हे बघणारा डोळा आबालाल यांच्यासारख्याचा होता. म्हणून जी थोडी चित्रं वाचलीत त्यांना कलेच्या पलीकडेही किंमत आहे.

आबालाल यांनी शाळा काढली नाही, पुस्तक लिहिलं नाही, चेले गोळा केले नाहीत. तरीही त्यांच्यामागे एक परंपरा उभी राहिली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंच्या पिढीने त्यांच्या कामाकडे पाहत आपला हात घडवला. आनंदराव १९१६ मध्ये लवकर गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये सैरंध्री हा चित्रपट आणला. त्या चित्रपटांतली प्रकाशाची समज, पडदे रंगवण्यातली सफाई, हे सगळं चित्रकाराच्या डोळ्यातून आलेलं होतं. त्याच कंपनीत कागलचे शेख फत्तेलाल तयार झाले, सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन करणाऱ्या पाच जणांत व्ही. शांताराम, दामले यांच्यासोबत ते होते. दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ मध्ये संत तुकाराम बनवला आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबांचं देहू पडद्यावर इतकं खरं दिसावं म्हणून झटणाऱ्यांत एक फत्तेलाल होता, आणि तो ज्या गावच्या चित्रपरंपरेत वाढला तिच्या मुळाशी एक आबालाल. निसर्गचित्रांची वाट दत्तोबा दळवी, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री यांनी पुढे नेली. सिनेमातले नट म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले चंद्रकांत मांढरे हेही याच वाटेवरचे निष्ठावान निसर्गचित्रकार.

२८ डिसेंबर १९३१ ला कोल्हापुरातच आबालाल यांचा इंतकाल झाला. वय सत्तरीच्या पुढे. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती आणि पुढच्याच वर्षी तिचा पहिला मराठी बोलपट, अयोध्येचा राजा, यायचा होता. गाव सिनेमाच्या गडबडीत होतं.

त्यांची चित्रं पाहायची असतील तर कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या सरकारी संग्रहालयात जावं. इमारत १८७० च्या दशकातली, उंच टोकदार छपराची, भोवती बाग. जुनी नाणी, ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू, हत्यारं पाहून झाली की चित्रांचा विभाग लागतो. तिथे दत्तोबा दळवी आणि इतर कोल्हापुरी चित्रकारांसोबत आबालाल आहेत. चित्राच्या आधी अगदी जवळ उभं राहावं, मग मागं सरकावं. जिल्ह्यातून शिक्षणासाठी कोल्हापूरला गेलेल्या आपल्या मुलांना हे अवघड नाही. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, तिथून सीपीआर दवाखान्याच्या बाजूने चालत निघालं की टाऊन हॉल काही मिनिटांवर आहे. सोमवार सोडून जावं, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.